फोटो चुकलाय, आणि एका कॅसेटबद्दल थोडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'स्टार ट्रेक' मालिकेला येत्या ८ सप्टेंबरला साठ वर्षं होतायत अशी चार ओळींची बातमी छापलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण बडोद्यात बसून मराठी पेपरात असलं काही वाचायला मिळेल ही आशा मी केव्हाच सोडली होती. पण फोटो चुकलाय हो. तुम्ही छापलाय त्यात हातात उजेडाची तलवार घेतलेला माणूस आहे, तो 'स्टार वॉर्स'मधला. तो सिनेमा, १९७७ चा. ही मालिका, अंतराळयानातून फिरणाऱ्या माणसांची, १९६६ ची. दोन्हीत 'स्टार' आहे म्हणून फोटो लावला तर उद्या तुकोबांच्या बातमीला रामदासांचा फोटो लावाल, दोघेही संतच की. मुलगा म्हणाला आई सोड ना, कोण बघतंय. मी बघतेय ना, चाळीस वर्षं बघतेय.

पत्र लांबणार आहे हे आत्ताच सांगते, कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं कापू नका.

मी स्वतः ६६ ची, म्हणजे ही मालिका आणि मी एकाच वर्षी साठीच्या. अर्थात मी जन्मले तेव्हा ती अमेरिकेत चालू होत होती आणि मी तीन वर्षांची होईपर्यंत बंदपण पडली, तीन सीझन, ७९ भाग, संपलं. आमच्याकडे दूरदर्शनवर ती आली ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी, रामायण सुरू व्हायच्या आधीची गोष्ट ही. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. ला होते. आमच्याकडे टीव्ही नव्हता. दांडिया बाजारात आमचा वाडा, म्हणजे चार भाडेकरू, एक हौद आणि एक कायम गळणारा नळ, आणि टीव्ही होता तो समोरच्या गुजराती काकांकडे, ब्लॅक अँड व्हाइट, ते सरकत्या शटरचं लाकडी खोकं असायचं ना, त्यातला. रविवारी काकांकडे फाफडा-जलेबी यायची आणि आम्ही पाच-सहा जण जमिनीवर बसायचो. काका पेपर वाचता वाचता दर रविवारी एकदा तरी विचारायचे, "एमां शुं समजाय छे तने?"

खरं सांगायचं तर फारसं काही समजायचं नाही. अँटेना अगाशीवर, आणि उत्तरायण झालं की तिच्या काड्यांना दोन-तीन फाटके पतंग आणि हातभर मांजा गुंडाळलेला, तो काढायला होळीपर्यंत कोणाला सवड नसायची. त्यामुळे चित्रात मुंग्या. ते यान निघालं की पडद्यावर तारे मागे पळायचे आणि आम्हाला कळायचं नाही यातले तारे कुठले आणि मुंग्या कुठल्या, एकदा तर काकांच्या धाकट्याने उठून टीव्हीला थापट मारली आणि अर्धं विश्व नाहीसं झालं.

दुसरी अडचण इंग्लिशची. मी मराठी शाळेतली, पुस्तकातलं इंग्लिश येत होतं पण ही माणसं बोलायची भराभर, आणि त्यात अर्धे शब्द असे की डिक्शनरीतही नाहीत. म्हणून मी एक उद्योग केला. मामांनी मस्कतहून आणलेला टू-इन-वन होता, तो त्यांच्याकडून मागून आणायचा, टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायचा आणि आख्खा एपिसोड टेप करायचा, मग आठवडाभर रात्री ऐकत ऐकत एकेक वाक्य वहीत उतरवायचं. कॅसेट सी-६०, म्हणजे एका बाजूला अर्धा तास, एपिसोड साधारण पन्नास मिनिटांचा, त्यामुळे मध्ये कॅसेट पलटावी लागायची आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मरायचं. कॅसेट एकच होती. दुसरी घ्यायला पैसे मागायची हिंमत नव्हती, कारण तीच मागताना बाबांनी विचारलं होतं, गाणी का भजनं, आणि मी काहीतरी थाप मारली होती. तेव्हा दर रविवारी त्याच कॅसेटवर, मागच्या आठवड्याचा पुसून नवीन.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या यानावर ऊहुरा नावाची एक बाई होती. कानात यंत्र लावून बसायची आणि परग्रहावरच्या लोकांशी लाइन जोडून द्यायची. काम म्हटलं तर टेलिफोन ऑपरेटरचं. तिला बोलायला फार वाक्यं नसायची हेही खरं, आता बघताना राग येतो, पण त्या वयात मला एवढंच दिसलं की इतक्या पुरुषांत एक बाई बसलीय आणि तिच्याशिवाय कॅप्टनला कोणाशी बोलता येत नाही. निशेल निकोल्स तिचं नाव, २०२२ मध्ये गेली. ती मालिका सोडून चालली होती आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला सोडू नकोस म्हणून सांगितलं, ही गोष्ट तिनेच पुढे कितीदा सांगितलीय. नंतर तिने नासासाठी फिरून बायकांना आणि काळ्या लोकांना अंतराळवीर व्हायला या म्हणून सांगितलं. आणि मे जेमिसन, अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९९२ मध्ये शटलमध्ये आपली शिफ्ट सुरू करताना म्हणायची, 'हेलिंग फ्रीक्वेन्सीज ओपन', म्हणजे संपर्काची लाइन उघडली, ऊहुराचं वाक्य.

हे वाचलं तेव्हा मी स्वतः टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डवर होते! ८८ ला लागले. समोर भोकंभोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड, कानाला हेडसेट, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी कॉल, आणि पलीकडून ओरडणारे लोक, बेन सुरत केम नथी लागतुं. पहिल्या दिवशी हेडसेट कानाला लावला तेव्हा मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. कोणाला बोलले नाही, हसले असते. पण रात्रपाळीला एकटी असले की हळूच म्हणायची, हेलिंग फ्रीक्वेन्सीज ओपन, आणि मग गोध्र्याला लाइन जोडायची. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेले, २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला त्या दिवशी एक्स्चेंजला सगळी माणसं भुजचा नंबर मागत होती आणि भुजला घंटीच वाजत नव्हती, तो दिवस वेगळा, त्यावर इथे लिहीत नाही. २०२० च्या जानेवारीअखेर मी व्हीआरएस घेतली.

आता कॅसेटचं. यंदा मे महिन्यात आमचा वाडा रिकामा केला, पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत, भाऊ आणि मी मिळून सामान उपसलं. पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, दारात उभा, काटा लावून, आणि भाऊ ट्रंकाच्या ट्रंका ओतायला लागला. एका ट्रंकेत आईच्या पातळांखाली माझी ती वही आणि वहीत दोऱ्याने बांधलेली ती कॅसेट. कव्हरवर माझ्या अक्षरात फक्त 'इंग्लिश'. भाऊ म्हणाला टाक, प्लेअर कुठेय आता. मी नाही टाकली.

रावपुऱ्यात एक मुलगा जुने टेप-रेडिओ दुरुस्त करतो, पंचविशीचा असेल. त्याने कॅसेट उजेडात धरून बघितली, आत टेपला दाबून धरणारा तो बारकासा फेल्टचा तुकडा असतो तो गळून पडला होता, त्याने दुसऱ्या कुठल्यातरी भजनाच्या कॅसेटमधला काढून यात चिकटवला, आणि मी पर्समधून पेन्सिल काढून रीळ फिरवून टेप ताणून घेतली तेव्हा तो माझ्याकडे असा बघायला लागला जशी मी काही हातचलाखी केली. मग लावली. आधी खरखर. मग ते सुरुवातीचं म्युझिक, जरा जड आवाजात, कारण बेल्ट नवीन असून मोटार सुस्त. आणि मग कुकरची शिट्टी.

विचार करा, माइक टीव्हीला जोडलेला नव्हता, स्टुलावर होता, त्यामुळे खोलीतलं सगळंच त्यात आलंय. यानाचे दरवाजे उघडताना श्श् असा आवाज यायचा, आठवत असेल ज्यांनी बघितलंय त्यांना, आणि काकूंचा कुकरपण श्श् करत होता, दहा मिनिटं मला दरवाजा कुठला आणि कुकर कुठला ते वेगळं करता येईना. (ते दरवाजे आपोआप उघडत नसत बरं का, पडद्यामागे माणसं उभी करून ओढायचे.) काका आहेत त्यात, शुं समजाय छे सकट. रस्त्यावरून कोणीतरी भाजीवाला जातोय. कॅसेट पलटताना खाट् असा आवाज आणि मग एकदम दुसरंच दृश्य.

आणि बाबा आहेत. बाबा कधी यायचे नाहीत काकांकडे, दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्या रविवारी बहुतेक मला बोलवायला आले आणि दारातच थांबले. आधी विचारतात, "हा कानवाला कोण?" यानावरच्या त्या टोकदार कानांच्या अधिकाऱ्याबद्दल. मी म्हणतेय, "बाबा, स्पॉक." मग बराच वेळ काही नाही. मग यानावरचा डॉक्टर कोणाला तरी तपासत असणार, आणि बाबा म्हणतात, अगदी स्पष्ट, "अगं, त्याच्या हातात मीठदाणी आहे." आणि सगळे हसतात, मी सगळ्यात जास्त, माझं ते हसणं ऐकून मला आता लाज वाटली.

बाबा रेल्वेच्या स्टोअर्समध्ये होते. वस्तू बघून तिचं नाव, खतावणीतला नंबर आणि भाव सांगायचा हा त्यांचा धंदाच. आणि ते बरोबर होते हो! मी पुष्कळ वर्षांनी वाचलं, मालिकेच्या पहिल्या काही भागांत एका प्रसंगासाठी मीठदाण्या हव्या होत्या, म्हणून सामान बघणाऱ्या माणसाने फॅन्सी डिझाइनच्या बऱ्याच मीठदाण्या विकत आणल्या, त्या इतक्या फॅन्सी निघाल्या की प्रेक्षकांना ही मीठदाणी आहे हे कळलंच नसतं, म्हणून प्रसंगात साध्या वापरल्या आणि या फॅन्सी डॉक्टरच्या हातात दिल्या, तेवीसाव्या शतकातली औषधाची उपकरणं म्हणून. हॉलिवूडवाल्यांना वाटलं कोणी ओळखणार नाही. दांडिया बाजारात ओळखली, मुंग्यांच्या पडद्यावर, दारात उभं राहून. वाचलं तेव्हा बाबांचं बोलणं मी साफ विसरून गेले होते, बाबा ९१ ला गेले, त्यामुळे सांगायचं राहिलंच. त्यांचा आवाज दुसऱ्या कशावरही नाही. लग्नात व्हिडिओ घेतला त्यातही ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गप्प उभे आहेत.

आता यावरून तुम्हाला वाटेल बाईचं घरगुती दुःख आहे, पेपरात कशाला. सांगते. इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' नावाची मालिका आहे, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, मध्ये सोळा वर्षांचा मोठा खंड पडून २००५ पासून परत चालू झाली. लेस्टरला राहणारा माझा पुतण्या मला तिच्या सीडी पाठवायचा. तिच्या साठच्या दशकातल्या भागांचं काय झालं माहितीये? बीबीसीने पुसले. व्हिडिओ टेप तेव्हा महाग, पुन्हा दाखवायचे हक्क मर्यादित, रंगीत आल्यावर ब्लॅक अँड व्हाइट कोण बघणार, म्हणून त्याच टेपांवर दुसरं काही घेतलं. नव्वदच्या वर भागांचं चित्र गेलं ते गेलंच. पण आवाज सगळ्यांचा आहे, एकूण एक भागाचा, कारण तिथली शाळकरी पोरं घरी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर ठेवून बसली होती. माझ्यासारखीच. कोणाच्या टेपवर आईची हाक आहे, कोणाच्या टेपवर कुत्रं. पुढे याच आवाजांवर जुने फोटो आणि कार्टून लावून हरवलेले भाग परत उभे केले. आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका टीव्ही स्टेशनात हरवलेल्यांपैकी नऊ भागांची फिल्म धूळ खात पडलेली सापडली.

बीबीसीला नावं ठेवायला मला तोंड नाही. मीपण दर रविवारी तेच केलं, कॅसेट महाग म्हणून. माझ्याकडे वाचला तो शेवटचा एपिसोड फक्त, आणि बाबा त्याच रविवारी आले म्हणून वाचले, एक आठवडा आधी आले असते तर मीच पुसले असते. आणि नासा! चंद्रावर माणूस उतरला त्या थेट प्रक्षेपणाच्या मूळ टेपा नासानेसुद्धा नंतर पुसून वापरल्या असाव्यात असं त्यांच्याच चौकशीत २००९ मध्ये निघालं. टीव्हीवर दाखवलेलं चित्र आहे आपल्याकडे, पण चंद्रावरून आलेलं त्याहून स्वच्छ चित्र होतं ते गेलं. तिथे आमच्या नणंदेने ९० साली माझ्या 'इंद्रधनुष'च्या व्हिडिओ कॅसेटवर पुतणीचं सीमांतपूजन घेतलं त्याचं काय घेऊन बसलात. तरी मी त्या कॅसेटचं पुसू नये म्हणून मागचं प्लास्टिक मोडून ठेवलं होतं, तिने त्यावर सेलोटेप लावला. हुशार बाई.

'इंद्रधनुष' आठवते का कोणाला? दूरदर्शनवरच, ८९ च्या सुमाराला, मुलं कम्प्युटर जोडतात आणि काळात मागेपुढे जातात, करण जोहर त्यात शाळकरी पोरगा होता. त्याच सुमाराला 'स्पेस सिटी सिग्मा', आणि मग ९८ ला केतन मेहतांचं 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमणवालं. सेट पुठ्ठ्याचे दिसायचे, थर्मोकोलचे ग्रह, सगळं मान्य. पण स्टार ट्रेकचे दगडही नकलीच होते, आणि माणसं ग्रहावर चमचम होऊन उतरायची ती का, तर दर आठवड्याला यान जमिनीवर उतरताना दाखवायला पैसे नव्हते म्हणून. गरिबीतून निघालेली युक्ती आहे ती. आपल्याकडेही युक्त्या होत्या, पण त्या साठवल्या नाहीत. मी मोबाइलवर शोधते तेव्हा तुकडे हाती लागतात, कोणीतरी घरच्या कॅसेटवरून चढवलेले, वर मुंग्या, खाली कोणाच्या तरी केबलवाल्याचं नाव.

आमच्या भिशीत एक जण म्हणाली, हे परदेशी खूळ आहे, आपल्या लोकांचं नाही. मी काही उलटून बोलले नाही, तिच्याकडेच भिशी होती आणि सेव उसळ चांगली झाली होती. पण इथे बोलते. डॉक्टर हूची सगळ्यात पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी, लखनौमध्ये जन्मलेला पंचविशीतला मुलगा. आणि आपल्या इथून तासाभरावर पीज आहे, नडियादजवळ. ७५ साली तिथे टीव्हीचा टॉवर लागला, कार्यक्रम अहमदाबादला इस्रोच्या केंद्रात बनायचे आणि खेडा जिल्ह्यातल्या गावागावांत लोक एकत्र बसून बघायचे. माझी मावशी तेव्हा आणंदजवळ राहायची, मी आयुष्यातला पहिला टीव्ही तिच्या गावी दूध मंडळीच्या ओट्यावर बघितला, नऊ वर्षांची असेन, कार्यक्रम होता म्हशीच्या कासेच्या आजारावर, आणि समोर बसलेले सगळे एक शब्द न बोलता बघत होते. त्या प्रयोगाला ८४ साली युनेस्कोचं बक्षीस मिळालं. आणि पीजचा टॉवर लागला त्याच वर्षी, १ ऑगस्ट ७५ पासून, अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन इस्रोने देशातल्या २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या करून.

आणि पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला की तो एका जागी थांबल्यासारखा राहील आणि त्यावरून जगभर संदेश पाठवता येतील, हे १९४५ साली लेख लिहून मांडलं कोणी? आर्थर क्लार्कनी, विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाने. ते कोलंबोला राहायचे. इस्रोची माणसं ७५ मध्ये मुद्दाम तिकडे गेली आणि त्यांच्या घरी पाच मीटरची छत्री लावून आली, की बघा, तुम्ही लिहिलं होतं ते आम्ही केलं. म्हशीच्या कासेचा कार्यक्रम आणि क्लार्कच्या घरची छत्री एकाच वर्षातली, सांगा आता हे परदेशी कसं.

आणि मराठीत तर आपल्याकडे नारळीकर होते. गेल्या वर्षी २० मे ला गेले. ७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून, आणि तरी पहिलं आलं. एवढ्या कथा आहेत त्यांच्या, आणि संध्याकाळी सात ते दहा कुठलंही मराठी चॅनेल लावा, कारस्थानं आणि मंगळसूत्र. एक सीरियल, एकच, सव्वीस भागांची, करायला काय हरकत आहे, मीठदाण्या मी देते.

ताज्या बातम्या हव्या असतील तर त्याही देते, तुमच्या पुरवणीला उपयोगी पडतील. डॉक्टर हूची आणि त्या मोठ्या अमेरिकन कंपनीची भागीदारी गेल्या ऑक्टोबरमध्ये संपली, या नाताळाला बीबीसीचा विशेष भाग जाहीर झालाय, पुढचं पुढे. कॅप्टन कर्कचं काम करणारे विल्यम शॅटनर २०२१ मध्ये वयाच्या नव्वदीत खरोखर अंतराळात जाऊन आले, दहाच मिनिटं, पण गेले. आपला शुभांशु शुक्ला गेल्या वर्षी २५ जूनला निघाला तेव्हा मी दुपारी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून बघत होते, आमटी उतू गेली.

तर आता मागणं. पत्रांनी काय होतं असं म्हणू नका. ६८ साली ही मालिका बंद होणार म्हणून चाहत्यांनी एनबीसी या अमेरिकन चॅनेलला पत्रांचा पाऊस पाडला, बीजो ट्रिम्बल नावाच्या एका बाईने आणि तिच्या नवऱ्याने घरात बसून ती मोहीम चालवली, आणि १ मार्च १९६८ ला एपिसोड संपल्यावर एनबीसीला टीव्हीवरच सांगावं लागलं की मालिका चालू राहणार आहे. पुढे ७६ ला नासाच्या पहिल्या शटलचं नाव बदलून 'एंटरप्राइज' ठेवलं तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच, आता ते शटल नुसत्या चाचण्यांसाठी होतं आणि कधी अंतराळात गेलंच नाही ही गोष्ट वेगळी, आमच्या नशिबाला तेवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या पेपरात एक चौकट छापा. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, जिथे जिथे तुमचा पेपर जातो तिथले जुने वाडे आता पडतायत, ट्रंका उघडतायत, आणि पस्तीवाला काटा घेऊन उभा आहे. कॅसेट कुठलीही असो, ऑडिओ, व्हिडिओ, वर 'भजन' लिहिलेलं असो की 'लग्न', वजनावर देऊ नका. आधी कोणाकडून तरी वाजवून घ्या. लग्न संपल्यावर टेप उरते, त्या उरलेल्या टेपवर बघा काय आहे. दूरदर्शनची जुनी मालिका निघाली तर प्रसारभारतीला कळवा, त्यांनी २०२४ मध्ये 'वेव्ज' नावाचं ॲप काढलंय, जुने कार्यक्रम त्यावर टाकतायत, त्यांनाही मी वेगळं पत्र लिहिलंय, उत्तर आलं की कळवीन.

माझ्या कॅसेटचं त्या मुलाने पेन ड्राइव्हवर करून दिलं, पैसे घेत नव्हता, मी दिले. एपिसोड कुठला ते वहीवरून लगेच सापडलं. आता मी काय करते, तो एपिसोड टीव्हीवर लावते, स्वच्छ, रंगीत, एकही मुंगी नाही, आवाज बंद करून, आणि शेजारी स्पीकरवर माझी टेप. पण टेप जरा सुस्त आहे, दर पाच-सात मिनिटांनी चित्र पुढे निघून जातं, डॉक्टर मीठदाणी घेऊन पुढे येतो आणि बाबा अजून बोललेले नसतात. मग मी चित्र थांबवते आणि बाबा येईपर्यंत बसून राहते.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(नाव छापू नये, भिशीतल्या वाचतात)
दांडिया बाजार, सध्या वाघोडिया रोड, बडोदा

ता. क. चुकीची दुरुस्ती छापणार असाल तर फोटो स्पॉकचा छापा, कान दिसतील असा. आणि तो फोटोग्राफर का डिझायनर जो कोणी असेल त्याला रागावू नका.